कागदामागं गेलेली गावं: सातारा ते सांगली, आडवाटेनं

सातारा ते सांगली हायवेनं निघालं तर अडीच तासांचं काम. आम्ही मात्र आधी उलट्या दिशेला, पश्चिमेला गेलो आणि मग कराड, विटा, आटपाडी, जत असं फिरून सांगलीत उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मामेभाऊ. त्याला मी दादा म्हणते. कोरेगावात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कुठल्या तालुक्यात काय पिकतंय हे आपल्याला कृषी खात्याच्या आधी कळतं, असं तो म्हणतो.

मला बघायचं होतं ते वेगळं. या दोन जिल्ह्यांतली माणसं गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कुठनं उठली, कुठं जाऊन बसली आणि त्यांना उठवलं कुणी? 2011 च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या 30 लाखांच्या जरा वर भरली. दहा वर्षांतली वाढ जेमतेम सात टक्के, राज्याची मात्र सोळा. पाळणे काय साताऱ्यात कमी हललेत असं नाही. मग बाकीची माणसं गेली कुठं?

गुरुवार : कास, बामणोली

फाल्गुनात कासच्या पठारावर बघण्यासारखं काही नसतं. फुलं भाद्रपदातली, आता नुसता काळा कातळ आणि तारेचं कुंपण. 2012 साली युनेस्कोच्या यादीत नाव गेल्यापासून रस्ता चांगला झाला आणि दुतर्फा हॉटेलं उगवली. आम्ही न थांबता घाट उतरून बामणोलीला गेलो.

बामणोली म्हणजे शिवसागर जलाशयाचा काठ. लाँचा ओळीनं बांधून ठेवलेल्या, वासोट्याला जाणारी पोरं लाइफ जॅकेट घालून फोटो काढतायत. आम्ही नुसती तासाभराची फेरी घेतली. लाँचवाला पन्नाशीचा. दादानं त्याला विचारलं, "मामा, जुनं गाव कुठं होतं?" त्यानं हँडल न सोडता हनुवटीनंच पाणी दाखवलं. "आत्ता आपण त्याच्यावरच हाय की."

कोयना धरणाचं काम 1954 साली सुरू झालं आणि साठीच्या दशकाच्या सुरुवातीला खोऱ्यात पाणी चढलं. भिंत 103 मीटर उंच, साठा 105 टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट. नदी मुळात पूर्वेला वाहणारी, कराडला कृष्णेला मिळणारी. तिचं पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवलं, पोफळीकडं खाली सोडलं आणि त्यावर वीज केली. आज प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याचे कारखाने वाढले त्यात या विजेचा मोठा वाटा. म्हणजे खोऱ्यातनं वीज आधी गेली आणि माणसं तिच्या मागनं गेली.

राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला 1976 साली. तोवर कोयनेचे लोक उठून दहा-बारा वर्षं उलटली होती. कुणाला रायगडात जमीन मिळाली, कुणाला ठाण्यात, कुणाला सोलापूर-सांगलीकडच्या माळावर. भात-नाचणीवाल्या माणसाला ज्वारीच्या माळावर नेऊन बसवलं तर तो काय करणार? अनेकांनी तिकडं पाठ फिरवली आणि पाणी जिथवर आलं त्याच्या वर, डोंगराच्या उतारावर सरकून घरं बांधली. मग 1985 साली कोयना अभयारण्य झालं, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वर सरकलेल्यांना पुन्हा उठायच्या नोटिसा. लाँचवाल्याचे चुलते असेच दोनदा उठले. त्याचे सख्खे भाऊ घणसोलीला असतात. "माथाडीत?" मी विचारलं. "मग काय! आमच्यात दुसरं काय असतंय?"

खरंच आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली एक पिढी गिरणीत गेली, दुसरी मसजिद बंदरच्या गोदामांत पाठीवर पोती वाहायला. त्या हमालांना कायद्याचं संरक्षण मिळवून दिलं ते अण्णासाहेब पाटलांनी. तेही पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. 1969 चा माथाडी कायदा नसता तर यातल्या किती घरांना मुंबईत छप्पर मिळालं असतं कोण जाणे. पुढं घाऊक बाजार मुंबईतनं वाशीला हलवायचं सरकारनं ठरवलं आणि बाजारामागोमाग कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली साताऱ्याच्या माणसांनी भरून गेली.

परतताना लाँचवाल्यानं पलीकडचा काठ दाखवला, तापोळ्याच्या अंगाचा. तिकडच्या दरे गावातलं एक कुटुंब असंच पोटासाठी ठाण्याला गेलं, त्यातला मुलगा रिक्षा चालवता चालवता राजकारणात शिरला आणि 2022 साली मुख्यमंत्री झाला. एकनाथ शिंदे गावी येतात तेव्हा हेलिकॉप्टरनं येतात. आता या भागासाठी 'नवीन महाबळेश्वर'ची योजना आहे, दोनशेच्या वर गावं त्यात आहेत. ज्या खोऱ्यात रस्ता नाही म्हणून माणसं गेली, तिथं आता रस्ता येतोय म्हणून जमिनीचे दलाल येतायत. लाँचवाल्याला मी विचारलं, तुम्ही विकली का? "भावांच्या सह्या लागत्यात," एवढंच म्हणाला.

शुक्रवार : कराड, टेंभू, कुंडल

कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीला नमस्कार करून ओगलेवाडीला गेलो. कराडचं रेल्वे स्टेशन खरं तर इथं आहे. ओगले बंधूंचा काचकारखाना, त्यांचा प्रभाकर कंदील; आमच्या आजोळी माजघरात तो टांगलेला असायचा. घरोघर वीज आली आणि कंदिलाचा धंदा गेला. वर उल्लेख केलाय ती कोयनेचीच वीज, दुसरं काय.

टेंभू गाव तिथून जवळच. गोपाळ गणेश आगरकरांचं हे जन्मगाव, पण आज टेंभू म्हटलं की माणदेशात कुणालाही आगरकर आठवत नाहीत, पंप आठवतात. कृष्णेचं पाणी इथं उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी आणि पुढं सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यापर्यंत न्यायचं, अशी ही योजना. मूळ आराखडा 22 टीएमसीचा, भिजणारं क्षेत्र ऐंशी हजार हेक्टर. पंपहाउसच्या कुंपणाबाहेर उभं राहिलं तरी मोटारींची घरघर पायांना जाणवते, आणि समोर डोंगराच्या पोटावर जाड पाइप सरळ वर चढत गेलेले दिसतात. नदी वर चढताना पहिल्यांदाच बघितली.

पण हे पाणी एकदम 1996 साली का सुचलं? याचं उत्तर एका लवादात आहे. बच्छावत लवादानं 1973 साली कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटलं. महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी आणि पुनर्विचाराची मुदत 31 मे 2000. त्याच्या आत पाणी अडवलं नाही तर पुढच्या वाटपात हक्क दाखवायचा कशावर, ही धास्ती. म्हणून 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, बाजारातनं रोखे उभारले आणि एकाच वेळी इतक्या ठिकाणी कामं काढली की बरीचशी वर्षानुवर्षं अर्धवट पडून राहिली. माणूस पाण्यामागं जातो असं म्हणतात. आमच्याकडं पाणी आणि माणूस दोघंही कागदामागं गेले.

दुपारी किर्लोस्करवाडी. इथला कागद त्याहून जुना. बेळगावात लक्ष्मणरावांचा छोटा कारखाना होता, ती जागा नगरपालिकेला हवी झाली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले आणि 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. बघता बघता वसाहत झाली, स्टेशनाचं नावही बदललं. दादा गेटासमोर बराच वेळ उभा होता. त्याच्या धंद्याचं मूळ पीठच म्हणायचं.

तो माळ औंध संस्थानात होता, ही गोष्ट महत्त्वाची. 8 मार्च 1948 ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. त्याआधी या भागाचा नकाशा भलताच होता. औंध गाव एकीकडं, कुंडल दुसरीकडं, आटपाडी तिसरीकडं, मध्ये इंग्रजांचा मुलूख, बाजूला सांगली, मिरज, जत, फलटण. पायी चालणाऱ्या माणसाचे दिवसभरात दोन-तीन राजे बदलायचे. राजा कोण यावर गावात कारखाना येतो की नाही हे ठरायचं, आणि पोलीस येतात की नाही हेही. 1943 ते 46 या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार याच पट्ट्यात चाललं, कुंडल त्याचं केंद्र. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली. भूमिगतांना औंधच्या हद्दीचा आसरा असायचा.

पुढं 1949 साली जुना सातारा जिल्हा तोडून उत्तर आणि दक्षिण सातारा केला, आणि दक्षिणेचं नाव 1960 साली सांगली झालं. प्रतिसरकारातली माणसं नव्या राज्यात साखर कारखान्यांकडं वळली. कुंडलला जी. डी. बापू लाडांचा क्रांती, वाळव्याला नागनाथअण्णा नायकवडींचा हुतात्मा. बंदूक ठेवून गाळपाचा परवाना घेतला, असं कुणी कुत्सितपणे म्हणेलही. मी म्हणणार नाही. नदीकाठच्या पोरांना मुंबईचं तिकीट काढावं लागलं नाही ते या कारखान्यांमुळं. पूर्वेच्या माळावरच्यांचं तसं नव्हतं. नदीकाठचा ऊस तोडायलाच माणदेशातली जोडपी कोयते घेऊन इकडं यायची.

शनिवार : विटा, आटपाडी

विट्याच्या अलीकडं एका गावात कमानीला यात्रेचा फ्लेक्स लागला होता. यात्रा चैत्रात, पण वर्गणी आधी. मी उतरून नीट वाचला. नावं नेहमीचीच, पाटील, शिंदे, जाधव; नावापुढं मात्र गावाऐवजी शहर. कोईमतूर, मदुराई, विजयवाडा, वाराणसी, कोलकाता, मग खाली बारीक अक्षरात 'समस्त ग्रामस्थ'. रकमेनुसार लावलेला क्रम होता, हे सांगायला नकोच.

ही गलाईवाल्यांची गावं. खानापूर, आटपाडी, तासगाव, शेजारच्या खटाव-माणातलीही माणसं जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. दादाच्या ओळखीचे एक शेट यात्रेआधी घर रंगवायला आले होते, त्यांच्याकडं जेवायला थांबलो. दोन मजली बंगला, वर्षातले दहा महिने कुलूप. वहिनींनी झुणका आणि बाजरीची भाकरी केली. सोबत सांबारही होतं. "पोरांना लागतंय," त्या म्हणाल्या.

शेट पंधराव्या वर्षी गेले. बहात्तरच्या दुष्काळात वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. (ती योजना ज्यांनी मांडली ते वि. स. पागेही याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. दुष्काळानं माणसं घालवली आणि दुष्काळानंच हा कायदा दिला.) मामानं कोईमतूरला भट्टीवर नेलं. काम काय असतं ते शेटनी ताट बाजूला सारून सांगितलं. जुना दागिना मुशीत आटवायचा. त्यात चांदी इतकी मिसळायची की सोनं चौथा हिस्सा उरलं पाहिजे. मग तो पातळ करून नायट्रिक ॲसिडात टाकायचा. चांदी आणि तांबं विरघळतं, तळाला तपकिरी भुकटी राहते. "ती भुकटी बघून कुणी म्हणणार नाय हे सोनं हाय. पुन्हा आटवली की मग पिवळं." विरघळलेली चांदी तांब्याच्या पत्र्यावर परत धरायची. काहीच वाया घालवायचं नाही, खोलीतला केरसुद्धा. तांबडा धूर छातीत जायचा. शेटना आजही जिना चढताना थांबावं लागतं.

मी विचारलं, एवढ्या लांब का? त्यांचं उत्तर सरळ होतं. सराफाला असा माणूस लागतो जो ओळखीचा आहे पण त्याच्या गावातला नाही. गावातला असला की कुणाचं सोनं मोडलं ते चारचौघांत जातं. आणि पैसा? सोनं नियंत्रणाच्या काळात, म्हणजे 1963 पासून, धंदा चोरट्या पावलांनी चालायचा. 1990 साली तो कायदा गेला आणि त्यांच्याच गल्लीत वाळवा-खानापूरची आठ-दहा दुकानं झाली. मग जीएसटी, मग हॉलमार्क. आता मोठ्या कंपन्यांच्या रिफायनऱ्या आल्या आहेत. नात तमिळ माध्यमातनं दहावी झाली. "तिकडं आमची जात कुठल्या यादीत नाय, आणि हिकडं पोरीला मराठी लिहायला येत नाय." त्यांच्या भट्टीवर गावचं पोरगं आता एकही नाही, उत्तर प्रदेशातली आहेत. गावची पोरं का येत नाहीत?

"पाणी आलं की. द्राक्षं लावल्यात सगळ्यांनी."

इथं दादानं आपली जनगणना पुढं केली. पंधरा वर्षांपूर्वी विट्याच्या पुढं त्याच्याकडनं फक्त फणाचे आणि नांगराचे फाळ जायचे. आता छोट्या ट्रॅक्टरच्या ब्लोअरचे नोझल आणि डायफ्राम जातात, तेही हंगामात पुरे पडत नाहीत. ब्लोअर म्हणजे फवारणी, फवारणी म्हणजे बाग, बाग म्हणजे पाणी.

संध्याकाळी आटपाडी. वाटेत स्वतंत्रपूर. औंधच्या राजांनी 1939 साली कैद्यांना भिंतीबाहेर, कुटुंबासह शेती करून राहू दिलं ती वसाहत. मॉरिस फ्रीडमन या पोलिश माणसाची कल्पना. त्याच वर्षी औंधनं गांधीजींच्या सल्ल्यानं प्रजेला राज्यकारभार दिला. एवढंसं संस्थान, काय काय करून ठेवलं!

आटपाडीत दादाच्या एका गिऱ्हाइकाच्या डाळिंबाच्या बागेत गेलो. बाग त्याच्या आईची. साठीच्या मावशी, डोईला पदर घट्ट, हातात छाटणीची कात्री. लग्न झाल्यापासून वीस-बावीस हंगाम त्यांनी वाळव्याकडं ऊस तोडला. हा त्यांचा मुलगा तिथंच, फडाच्या बांधावर झोळीत वाढला. आता त्यांच्या दोन एकरांत बंद पाइपातनं टेंभूचं पाणी येतं. कोपऱ्यात व्हॉल्व्हची चौकोनी कुंडी, तिला कुलूप, किल्ली पाणीवाटपाच्या संस्थेकडं. इथं पाट नाहीत आणि त्यामागं मोठं भांडण आहे. 1993 पासून आटपाडीत दर वर्षी पाणी परिषद भरायची, तेरा तालुक्यांची. नागनाथअण्णा, जी. डी. बापू, भारत पाटणकर यांचा आग्रह एकच होता. पाणी आधी पोचेल त्याला भरमसाट आणि शेवटच्याला शिल्लक राहिलं तर, असं नको, सगळ्यांना सारखं. नदीकाठच्या उसाचे पुढारी माळाच्या पाण्यासाठी भांडले, हे मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोठं वाटलं.

पाणी उचलायची वीज महाग. बिलाचे 81 टक्के सरकार भरतं, 19 टक्के शेतकरी. "तेवढं जमतंय का?" मावशींनी कात्रीनंच तेल्याचे डाग पडलेलं फळ तोडून लांब फेकलं. "हा रोग नसला तर जमतंय. फडात जायाचं नाय, एवढं झालं की मला." बागेत छाटणीला बायका कुठून येतात विचारलं तर म्हणाल्या, जतच्या पूर्वेकडनं.

रविवार : जत

म्हणून जतला गेलो, नाहीतर थेट सांगली धरणार होतो.

शहर सोडून उमदीच्या बाजूला गेलं की कन्नड ऐकू यायला लागतं. दुकानदार आमच्याशी मराठी, मागच्या माणसाशी कन्नड, आणि पोराला शिव्या दोन्हीत. इंग्रजांच्या काळात जत संस्थान विजापूर एजन्सीत होतं. 1948 ला ते मुंबई प्रांतात आलं तेव्हा विजापूरही त्याच प्रांतात होतं, त्यामुळं कुणाचं काही बिघडलं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली, विजापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि जतच्या पूर्वेची गावं आपोआप टोकाची झाली. दवाखाना, बाजार, सोयरीक सगळं अजून विजापूरच्या अंगाला. सातबारा आणि कलेक्टर मात्र सांगलीला.

म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्याच्या पश्चिमेला पोचलं, पूर्वेला नाही. पलीकडं कर्नाटकानं तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी सीमेपर्यंत आणलं. 2022 साली कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला तेव्हा मुंबईत केवढा गदारोळ झाला! चहाच्या टपरीवरच्या आजोबांना त्याचं हसू आलं होतं म्हणे. "आम्ही 2012 लाच ठराव केल्ता. पाणी द्या, न्हायतर तिकडं जाऊ द्या म्हणून. तवा कोन बी इचारलं नाय. त्येनी नाव घेतलं आन् दुसऱ्या आठवड्यात हितं सायबांच्या गाड्याच गाड्या." त्यानंतर विस्तारित म्हैसाळची कामं जोरात निघाली. पाइप रस्त्याकडेला पडलेले आम्ही बघितले. त्यातले काही पुरलेलेही होते.

टपरीवर माणसं म्हातारी आणि लहान. मधली कुठं आहेत ते मावशींनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. उरलेली उसाच्या फडात.

सोमवार : हरिपूर, सांगली

सकाळी हरिपूरला कृष्णा-वारणा संगमावर. पावसाळ्याचा मागमूस नाही, पण आयर्विन पुलापाशी पातळीचे आकडे रंगवलेले दिसतात. धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आटपाडीत ज्या नदीचं पाणी कुलपात ठेवतात तीच ही.

हरिपूरची पेवं बघायची होती. जमिनीत खणलेला खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पाचटाचा थर, त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपायचं. वर्षानुवर्षं टिकायची, किडायची नाही. सांगलीच्या हळदबाजाराचं भांडार म्हणजे ही पेवं. 2005 च्या महापुरात बहुतेक बुडाली, आणि पुन्हा भरायला कुणी धजलं नाही. आता गोदामं आणि शीतगृहं. हळदही बदलली. नदीकाठच्या शेतकऱ्यानं ऊस धरला, हळद मागं पडली. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण बाजार समितीच्या आवारात मी ज्या ज्या ढिगापाशी विचारलं तिथं गाडी हिंगोली-नांदेडची नाहीतर तेलंगणाची निघाली.

सौदे संपत आले होते. एक हमाल पोत्यांवर बसून तंबाखू मळत होता, अंगावरची बंडी, हात, भुवया सगळं पिवळं. गाव विचारलं तर जतच्या पूर्वेचं. काल आम्ही चहा घेतला त्याच्या पुढचंच. पाइप बघितले असं सांगितल्यावर तो एकदम ताठ बसला. कुठवर आल्यात, आमच्या फाट्याच्या अलीकडं का पलीकडं, व्यास केवढा, पुरल्यात का नुसते टाकल्यात? दादानं व्यास हात पसरून दाखवला. हमालानं स्वतःचे हात तेवढेच पसरून बघितले आणि म्हणाला, "मग शेवटाला काय उरायचं नाय. आमचं गाव शेवटाला." तेवढ्यात गाडी लागली म्हणून मुकादमानं हाक मारली, आणि तो पोतं उचलायला गेला.